वापसीचा घड आणि देवाचं नाव

आमच्या चोपड्याकडे (जळगाव जिल्हा) ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाबद्दलचा आदर हा विषय निघाला की भांडण ठरलेलंच. जुनी माणसं म्हणतात उपासना संगीत (आमचं गीतांचं पुस्तक) उघडा, पेटी-तबला पुरे, हा ड्रम कशाला, आणि तरुण संघवाले म्हणतात काका तुमच्या गाण्यांना झोप येते, मग कोणीतरी बायकांच्या डोक्यावरच्या पदरावर घसरतं, कोणी चपला बाहेर काढायच्या की नाही यावर, आणि पाळकसाहेब बिचारे दोन्हीकडचं ऐकून घेतात. मी स्वतः पेटीवालाच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना जाऊन शंभराच्या वर वर्षं झाली (१९१९ ला गेले) तरी त्यांचं गीत लागलं की मला वेगळ्या कॉर्ड्स-बिर्ड्सची गरज वाटत नाही.

पण आवाजावरून आदर मोजायचा हे मला पटत नाही. सातपुड्याच्या पायथ्याला पावरा आदिवासी भावांच्या पाड्यावर उपासनेला जाऊन बसा एकदा, ढोल सुरू झाला की सगळे उठून गोल धरतात, म्हातारी माणसं सुद्धा, आणि प्रार्थना म्हटली की तीच माणसं मातीत गुडघे टेकून अशी बसतात की कोंबडीचा आवाज मोठा वाटतो. बायबलमधलं २ शमुवेल ६ वाचा, दावीद राजा देवाच्या कराराच्या कोशापुढे (दहा आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पवित्र संदूक) सगळं बळ लावून नाचतो, त्याची बायको मीखल खिडकीतून बघून नाक मुरडते, आणि चूक मीखलची ठरते. त्याच अध्यायात आधी उज्जा नावाचा माणूस कोशाला हात लावून मरतो. खरं तर कोश लेव्यांनी (देवाच्या सेवेला नेमलेल्या वंशाच्या लोकांनी) दांड्यांवर, खांद्यावर न्यायचा होता, ह्यांनी नवी गाडी केली, बैल बिचकले आणि ह्याने हात लावला. म्हणजे नाचणारा चालला, पण देवाच्या वस्तूला आपल्या सोयीने हाताळणं चाललं नाही. तेव्हा ड्रम की पेटी हा वाद मी तरी सोडून दिलाय.

मला खरं टोचतं ते बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, अध्याय १. मंदिर पुन्हा उभं राहिलेलं (इ.स.पू. ५१६ च्या आसपास), याजक आहेत, वेदी आहे, रोजचं सगळं चालू आहे, आणि देव म्हणतो तुम्ही माझ्या नावाचा अवमान करता. ते उलट विचारतात, कसा काय बुवा? उत्तरात शिव्याशाप, खोट्या शपथा काही नाही, उत्तर आहे आंधळं, लंगडं, आजारी जनावर. हेच तुझ्या अधिपतीला नेऊन दे, तो खूश होईल का बघ!

आता आमच्याकडची सुगीची उपासना सांगतो, म्हणजे पिकातलं देवाला अर्पण करायची. केळीची बाग कापायला व्यापाऱ्याची माणसं येतात, घड झाडावरून उतरतो, एक जण फण्यांवर बोटं फिरवून बघतो, भरीव, सरळ, डाग नसलेला माल गाडीत आणि बारीक, करपा रोगाने अर्धवट पिकलेला तो बाजूला, त्याला वापसी म्हणतात, भाव पण वेगळाच. आणि उपासनेच्या दिवशी वेदीपुढे जे घड ओळीने उभे असतात त्यात वापसी किती असते ते केळीवाल्या कोणालाही लांबूनच कळतं. वर झेंडूचा हार. मग लिलाव होतो, आपलेच लोक बोली लावतात, टाळ्या, फोटो, ग्रुपवर "प्रेज द लॉर्ड". तोच माणूस तहसीलमध्ये साहेबांकडे कामाला जाताना घरातला सगळ्यात चांगला घड निवडून नेतो. मलाखीने हेच तर लिहिलंय, फक्त बकऱ्याच्या जागी केळी.

नावाचं दुसरं लफडं बोलण्यातलं. देवाचं नाव व्यर्थ घेऊ नको, दहा आज्ञांमधली ही आज्ञा आम्ही तिसरी मोजतो, कॅथलिक आणि लुथरन दुसरी, पण आज्ञा तीच, निर्गम २०:७. आम्ही लहानपणी त्याचा अर्थ एवढाच शिकलो की "देवनी आन, खोटं नई बोलस" असं म्हणायचं नाही. येशूने मत्तय ५ मध्ये शपथच नको म्हटलंय, होय तर होय, नाही तर नाही, ते बरोबरच. पण आता शपथ कोण घेतं? आता "प्रभूने मला सांगितलं" म्हणतात. लग्न जमवायचं आहे, प्रभूने दाखवलं. कमिटीत पद हवंय, प्रभूने बोलावलं. माझ्या आत्याने एका माणसाच्या स्कीममध्ये पैसे टाकले कारण तो प्रार्थना करून, बायबलवर हात ठेवून बोलायचा, पैसे गेले आणि तो पण गेला. पैशांचं दुःख तिने पचवलं, पण आता संदेश देणारा कोणी "प्रभू मला म्हणाला" बोलला की ती चष्म्याची डबी पर्समध्ये टाकते आणि उठून बाहेर पायरीवर जाऊन बसते. व्यर्थ नाव घेणं म्हणजे काय हे मला त्या पायरीवर जास्त समजलं.

म्हणून नावच घ्यायचं नाही असं पण नाही हं. धर्मसुधारक मार्टिन लूथरने १५२९ च्या लहान प्रश्नोत्तरीत ह्या आज्ञेखाली शाप, खोटं, फसवणूक नको हे लिहिलंय, आणि लगेच पुढे, प्रत्येक संकटात त्याच नावाने हाक मार, प्रार्थना कर, स्तुती कर, आभार मान. आम्ही पहिला भाग पाठ करतो.

तर यंदा कमिटीत मी म्हटलं, वापसी आणायची नाही. आमचे एक नाना, स्वतः केळीवाले, लगेच बोलले, "भो, भाव पडेल शे, नवती कशी दिऊ?" (भाऊ, भाव पडलाय, नवती म्हणजे चांगला माल कसा देऊ?) प्रश्न खोटा नाही, कर्ज डोक्यावर असलेला माणूस आहे. मी त्यांना बायबलमधलं लेवीय ५ दाखवलं, अर्पणाला ज्याला मेंढरू परवडत नाही त्याने दोन पारवे आणावे, ते पण नसतील तर थोडं पीठ, म्हणजे कमी चालतं, पण २२ व्या अध्यायात सडकं-लंगडं कोणाकडूनच चालत नाही, गरीब असो की श्रीमंत. नाना म्हणाले मग एक फणी आणतो. मी म्हटलं आणा ना, नवतीची आणा. आता एका फणीचा लिलाव कसा करायचा ह्यावर पुढची मीटिंग लागलीये.