आमची वाटचाल: बेड्यांच्या काळातलं चलन

पुण्यातली आमची पेढी वडिलांनी उभी केली ती शिवराई आणि संस्थानी नाण्यांवर. घर आजही त्यावरच चालतं. दुकानात उजव्या हाताला असलेलं छोटं कपाट मात्र माझं आहे. त्यात गुलामांच्या व्यापाराशी जोडलेलं चलन आहे.

सुरुवात कवडीपासून झाली. भवानीच्या आराध्यांच्या गळ्यात असते तशीच मालदीवची कवडी डच आणि इंग्रज जहाजांतून युरोपात जायची, तिथून पश्चिम आफ्रिकेत, आणि तिच्या बदल्यात माणसं विकत घेतली जायची. हे वाचल्यावर मी मनिला शोधू लागलो. मनिला म्हणजे घोड्याच्या नालासारखं तांब्या-पितळेचं कडं. आधी पोर्तुगीजांनी ती पश्चिम आफ्रिकेत गुलामांच्या बदल्यात द्यायला नेली, पुढे बर्मिंगहॅममध्ये ओतली गेली. नायजेरियात ती चलनातून बाद झाली ती थेट 1949 मध्ये.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्या नोटेपुढे बसतो ती अमेरिकेतल्या दक्षिणेच्या बंडखोर राज्यांची, 1862 ची, 100 डॉलरची. मधोमध कापसाच्या शेतात कुदळी चालवणारे गुलाम कोरले आहेत, आणि डावीकडे गुलामगिरीचा कट्टर पुरस्कर्ता, अमेरिकन राजकारणी कॅलहून. नोटेवर दिवसाला 2 सेंट व्याज मिळायचं. राबणारी माणसं आणि त्यांच्या घामावरचं व्याज, दोन्ही एकाच कागदावर. या नोटांच्या नकला बाजारात फार आहेत. अस्सल नोटेवर सह्या शाईने हाताने केलेल्या असतात, नकलेवर छापलेल्या. घेताना भिंग न विसरता लावा.

कपाटातलं 1838 चं तांब्याचं टोकन, म्हणजे नाण्यासारखी खाजगी चकती, अमेरिकेतल्या गुलामगिरीच्या विरोधकांनी काढलेलं. एका बाजूला साखळदंडातली गुडघे टेकलेली स्त्री, ‘मी स्त्री आणि बहीण नाही का?’ असं विचारणारी. दुसऱ्या बाजूला शब्द ‘लिबर्टी’.

‘असला पैसा दुकानात कशाला?’ असं वडील म्हणाले होते. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं, की शिवराई जपतो तशीच ही नोटही जपली पाहिजे, पण तिची हकिकत सोडून नाही. म्हणून प्रत्येक वस्तूबरोबर मराठीत लिहिलेला कागद जातो. हौसेने हातात घालायला मनिला मागणाऱ्याला मी ती देत नाही. अमेरिकेतल्या चार्ल्सटन शहरात भाड्याने कामाला दिलेल्या गुलामांना लावावे लागणारे तांब्याचे बिल्ले मी पूर्वीच्या मालकीचे कागद असल्याशिवाय घेत नाही, कारण त्यांत बनावट माल खूप.

शाळा-कॉलेजांनी कळवलं तर कपाटातल्या वस्तू घेऊन मी स्वतः येतो. टोकन विकायचं नाही, पण भिंगाखाली सगळ्यांना दाखवतो.