सतरा नंबरची चिठ्ठी

सतरा नंबरची ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. टाकवत नाही.

गुहागरच्या बाजूला आमचं गाव. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बंदरावरची मांजरं पोटासाठी घरोघर फिरतात. त्यातलीच एक भाटी आमच्या लाकडांच्या खोपीत व्यायली आणि तीन आठवड्यांनी गाडीखाली गेली. तिची तीन पिल्लं मी घरात आणली. शेजारच्या काकूंनी गाईचं दूध दिलं, मी तेच पाजलं. ते मांजराच्या पिल्लांना पचत नाही, हे तिसऱ्या दिवशी तिघांना हगवण लागल्यावर कळलं.

सगळ्यात धाकटी ठिपकी सकाळी हाताला गार लागली. पहिल्या एसटीने दीड तास प्रवास करून शहरातल्या दवाखान्यात पोचले तेव्हा साडेनऊ वाजले होते. खिडकीवरच्या माणसाने चिठ्ठी दिली, सतरा. म्हटलं, "एक पिल्लू गार पडलंय, जरा बघा ना." तो म्हणाला, "आज कुत्र्यांची लस आहे. नंबरानेच या."

बाकड्यावर नेमकी पंख्याखाली जागा मिळाली. पावसाने खोकं ओलं, आतलं फडकं ओलं. दहा वाजता पुन्हा गेले, साडेदहाला पुन्हा. "मांजराची पिल्लं अशीच असतात हो," एवढंच उत्तर. तिला अशक्तपणा आला असेल म्हणून मी सिरिंजने दूध घातलं, ते तोंडाच्या कडेने बाहेर आलं. बाजूच्या बाईंनी न मागता आपली ओढणी काढून दिली, त्यात गुंडाळून पोटाशी धरलं. पावणेबाराला नंबर लागला. थर्मामीटरवर चौतीस. डॉक्टर म्हणाले, "एवढ्या पिल्लाचं सदतीसच्या आसपास हवं. गार पिल्लाला दूध पचत नाही आणि ते गिळताही येत नाही, फुप्फुसात जातं. आधी ऊब द्यायची, मगच दूध." त्यांनी गरम पाण्याच्या पिशव्या लावल्या, हिरड्यांना साखरपाणी चोळलं, कातडीखाली सलाईन दिलं. अर्ध्या तासात ठिपकी गेली.

डॉक्टरांवर माझा राग नाही. पण चिठ्ठी देताना खोक्यात एकदा हात घालून बघायला किती वेळ लागतो? "पंख्याखाली बसू नका" एवढं तरी कुणी सांगायचं! दोन तास आधी पाहिलं असतं तर वाचली असती का, हे मी डॉक्टरांना नंतर फोनवर विचारलं. ते म्हणाले, नक्की सांगता येत नाही. तो प्रश्न मी रोज रात्री उगाळत बसायचे.

आईने मागीलदारी जास्वंदीखाली खड्डा खणला. काही बोलली नाही, फक्त मला जेवायला बसवलं.

उरलेल्या दोघांना रात्री दर अडीच तासांनी मांजराच्या पिल्लांसाठी मिळणाऱ्या पावडरचं दूध पाजायचं होतं. त्यामुळे रडायलाही ठरावीकच वेळ मिळे, आणि त्यानेच मी सावरले. वीज गेली की चुलीच्या वैलावर पाणी तापवायचं, बाटलीत भरून फडक्यात गुंडाळायचं. खोक्याची अर्धी बाजू मोकळी ठेवायची, उकडलं तर पिल्लाला सरकता आलं पाहिजे. पिल्लाला पालथं धरूनच दूध पाजायचं, तान्ह्या बाळासारखं उताणं कधीच नाही. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने खालून पुसायचं, त्याशिवाय लहान पिल्लांना शी-शू होत नाही. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन. दिवसाला दहा ग्रॅम वाढलं की मी आईला हाक मारून सांगायचे.

आठव्या आठवड्यात दोघांना पहिली लस दिली. त्याच दवाखान्यात, दुसरा जवळ नाही. या वेळी खोक्यात गरम बाटली होती आणि मी दाराजवळ बसले, पंख्यापासून लांब.

एक सांगायचं राहिलं. अंग तापलं म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अगदी तुकडाही नाही. त्यांच्यासाठी ते विष आहे. काकूंनी ठिपकीसाठी तेही सुचवलं होतं. घरातली गोळी संपली होती, म्हणून दिली गेली नाही.