पाच, वीस, अडीच

ड्युएथलॉन केली असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला: "म्हणजे ट्रायथलॉनच ना, पोहणं सोडून?" दुसरा प्रश्न कुणी तोंडाने विचारत नाही, पण चेहऱ्यावर वाचता येतो: पोहता येत नाही वाटतं? नाही येत. पाणी छातीला लागलं की मला देव आठवतो, आणि या खेळाकडे माझ्यासारखे बरेच जण त्याच कारणाने वळतात. पण ट्रायथलॉनच्या पोहणं, सायकल, धावणं यांतून "पोहणं सोडून" हा हिशेब चुकीचा आहे. पोहण्याची जागा मोकळी राहत नाही, तिथे आणखी एक धावणं येऊन बसतं. पोहून बाहेर आलेल्याचे खांदे भरून आलेले असतात, पाय मात्र बऱ्यापैकी ताजे असतात. आमचे पाय सायकलवर चढतानाच अर्धे वापरून झालेले, आणि उतरल्यावर पुन्हा त्यांनाच जुंपायचं. हात आपले पूर्णवेळ रजेवर.

प्रमाणित शर्यत १० किलोमीटर धावणं, ४० किलोमीटर सायकल आणि पुन्हा ५ किलोमीटर धावणं अशी असते. त्याच्या निम्मी ती स्प्रिंट: पाच, वीस, अडीच. मी निम्मी घेतली. स्वित्झर्लंडमध्ये त्सोफिंगेनला १९८९ साली सुरू झालेली पॉवरमॅन शर्यत आहे. तिचं गाजलेलं अंतर म्हणजे १० किलोमीटर धावा, १५० किलोमीटर डोंगरातून सायकल हाणा आणि वर ३० किलोमीटर धावा. अशा मंडळींना लांबूनच नमस्कार करावा.

धावणाऱ्याला हे आकडे फार सोपे वाटतात. पाच आणि अडीच, साडेसात. तेवढं तर आपण रविवारी गप्पा मारत धावतो. मध्ये सायकल आहे, म्हणजे बसायलाच मिळणार! पहिले पाच किलोमीटर याच समजुतीत छान गेले. पाय मोकळे, श्वास ताब्यात, आजूबाजूला माणसं. काहीजण सुसाट पुढे गेले. त्यांच्याकडे मी अनुभवी माणसाच्या मंद हास्याने पाहिलं. त्यातले बरेचसे मला पुन्हा दिसलेच नाहीत, ते सोडा.

मग आलं ट्रान्झिशन, म्हणजे धावणं संपवून सायकल घ्यायची आणि नंतर ती परत ठेवून धावायला निघायची जागा. लांबच लांब आडव्या दांड्यांवर सीटने टांगलेल्या सायकली, हँडलवर उलटी ठेवलेली हेल्मेटं आणि त्यांत गॉगल. माझ्या शेजारच्या गड्याने हेल्मेट डोक्यावर ठेवलं आणि सायकल उचलली. त्याबरोबर शिट्टी. हनुवटीखालचं बकल लावायचं राहिलं होतं. नियम असा की आधी बकल, मग सायकलला हात. परत आल्यावर आधी सायकल टांगायची, मग बकल सोडायचं. पंचांनी त्याला जागच्या जागी उभं केलं. बिचाऱ्याची बोटं घामाने इतकी ओली झाली होती की बकलचे दोन तुकडे एकमेकांना भेटेचनात. एरवी एका टिचकीचं काम, पण नाडी गळ्यात ठणठणत असताना ते सुईत दोरा ओवण्याइतकं नाजूक होऊन बसतं. शिवाय आत सायकलवर बसायला बंदी. सीटला धरून ती पळत न्यायची, रेघ ओलांडायची आणि मगच टांग मारायची. पळताना पायडल पोटरीवर बसतं, ते वेगळंच. छातीवरचा नंबर पट्ट्यासकट फिरवून पाठीवर घ्यायचा, धावायला उतरलं की पुन्हा पुढे.

सायकलवर मला नव्याने कळला तो वारा. धावताना वारा म्हणजे फार तर हवापाणी. सायकलवर वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो. हे शाळेत कधीतरी पाठ केलं होतं, इथे ते मांड्यांना कळलं. धावताना मी बिनदिक्कत कुणाच्या तरी पाठीमागे लागतो, त्याच्या लयीत लय मिसळतो. इथे तीही सोय नाही. आमच्या शर्यतीत पुढच्या सायकलपासून १० मीटर अंतर ठेवायचं होतं. जवळ गेलात तर पुढे निघून जा, नाहीतर मागे या. इतकी माणसं रस्त्यावर असूनही प्रत्येकजण एकटा. गप्पा नाहीत, कानात गाणी नाहीत. चेनचा आवाज आणि आपण.

आणि मग शेवटचे अडीच किलोमीटर. यांच्याबद्दल सगळ्यांनी बजावलं होतं. सरावात सायकलवरून उतरून लगेच धावण्याचे ब्रिकही केले होते. तरी पहिल्या पन्नास पावलांत वाटलं, हे पाय कुणाकडून तरी उसने आणलेत. सायकलवर अंगाचा बराचसा भार सीट उचलते, कंबर वाकलेली असते आणि मांड्या फक्त ढकलत राहतात. धावताना प्रत्येक पावलाला सगळं वजन झेलायचं आणि तिथूनच उसळी घ्यायची. मांड्यांना हा बदल कुणी कळवलेला नसतो. त्या आपल्या अजून चाक फिरवत असतात. पावलं छोटी छोटी आणि भराभर पडत होती, गुडघे वर यायला तयार नव्हते. आपण सरपटतोय असंच वाटत होतं. मनगटावर पाहिलं तर वेग पहिल्या धावेपेक्षा जेमतेम थोडा कमी. घड्याळ बिघडलं म्हणावं, तर तेही नाही. इतका वेळ सायकलच्या वेगाने मागे पळणारी झाडं पाहून डोळे सोकावले होते, त्यांना आता सगळंच थांबल्यासारखं दिसत होतं. एखाद किलोमीटरनंतर कंबर सरळ झाली, टाच-चवडा ओळखीचे वाटू लागले. पाय परत ताब्यात आले म्हणेपर्यंत समोर कमान. अडीच किलोमीटर हे अंतर ठरवणाऱ्याला विनोदबुद्धी असणार.

निकालाच्या कागदावर प्रत्येकाच्या नावापुढे पाच आकडे होते: तीन शर्यतीचे, दोन ट्रान्झिशनचे. माझ्या बरोबर वरच्या ओळीत एक पिकल्या केसांचे काका. दोन्ही धावांत माझ्यापेक्षा हळू, सायकलवर जवळपास बरोबरीत. मग हे वर कसे? मधले दोन आकडे पाहिले. आम्ही घाम गाळून जे कमावलं, ते काकांनी बूट घालता घालता परत घेतलं होतं. मी त्यांना गाठून विचारलंच. त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"नाड्या बांधत बसला होतास?"

बसलो होतो. दुहेरी गाठ मारून. त्यांच्या बुटांना रबरी लेस होत्या. पाय सरकवला की झालं. सायकलच्या बुटांचं काय करायचं, टॉवेल कुठे अंथरायचा, पट्टा कसा फिरवायचा, यावर त्यांनी अर्धा तास शिकवणी घेतली. धावण्याबद्दल एक अक्षर नाही.

माझ्या बुटांना आता रबरी लेस आहेत. सध्या हेल्मेटचं बकल डोळे मिटून, बोटं ओली करून लावण्याचा सराव चालू आहे, घरातच, रात्रीच्या जेवणानंतर. घरचे टीव्हीचा आवाज वाढवतात.