नागपूरला परत आले त्याची गोष्ट

पुणं सोडून नागपूरला, आईबाबांच्या नरेंद्रनगरच्या घरी मी मे २०२० मध्ये आले. कोरोनाची टाळेबंदी उठली की परत जायचं असंच ठरलं होतं. मैत्रिणी अजून विचारतात, "मग, पुण्याला कधी येतेयस?" म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

तेव्हा जिल्हा ओलांडायला पोलिसांचा ई-पास लागायचा. तब्येत ठीक असल्याचा डॉक्टरांचा दाखला, ओळखपत्र, गाडीचा नंबर, सोबत येणाऱ्यांची नावं, सगळं भरून मंजुरीची वाट बघायची. वाकडच्या फ्लॅटवर माझ्याबरोबर राहणारी मुलगी वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावची, म्हणजे वाटेवरचीच. दोघींनी मिळून गाडी केली. नगर, औरंगाबाद, जालना, मेहकर... सातशेहून जास्त किलोमीटरचा रस्ता आणि सगळे ढाबे बंद. दशम्या आणि चटणीवर दिवस काढला.

घरी आल्यावर १४ दिवस विलगीकरण, तेही वरच्या खोलीत. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागलेला, पारा ४५ च्या वर, वरून स्लॅब तापलेला. बाबांनी मी यायच्या आधीच कूलरमध्ये नवी खस भरून ठेवली होती. पण कूलर चालू ठेवला की मीटिंगमध्ये माझं बोलणं कोणाला ऐकू यायचं नाही आणि बंद केला की घामाच्या धारा. शेवटी बोलायची वेळ आली की कूलर बंद, बोलणं झालं की चालू, असं करत उन्हाळा काढला.

खरी घडी बसवावी लागली ती त्यानंतर. आठ वर्षं स्वतःच्या मर्जीनं राहिलेली मी, आणि माझ्याशिवाय राहायची सवय झालेले ते दोघं. माझं काम रात्री साडेदहापर्यंत चालायचं आणि बाबा माझ्यासाठी जेवायचे थांबायचे. त्यांना मधुमेह. मी स्पष्ट सांगितलं, "बाबा, तुम्ही आठला जेवून घ्या, मी माझं वाढून घेईन." ते काही दिवस नाराज होते. घरखर्चाला पैसे द्यायला गेले तर आई म्हणाली, "लेकीकडून पैसे घ्यायचे काय आम्ही?" शेवटी वीजबिल आणि औषधं माझ्याकडे, किराणा त्यांच्याकडे, असं ठरलं. मोठ्या वयाच्या मुलीनं आईवडिलांकडे राहायचं तर पैशाचं आणि वेळेचं मोकळेपणानं बोलून घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. त्यानंतर आमच्या घरातली धुसफूस खरंच थांबली.

त्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक निघाली नाही. दीक्षाभूमीवरचा सोहळाही झाला नाही. हे शहर इतकं गप्प मी कधीच पाहिलं नव्हतं.

मग एप्रिल २०२१. बाबांचा लसीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता, पण आईचा नंबर लागायच्या आधीच तिला ताप आला. शहरात खाटा मिळत नव्हत्या. आमच्या ओळखीचे डॉक्टर फोनवर होते. आईचा ऑक्सिजन ९३ वर आला तेव्हा ते म्हणाले, "घाबरू नका, पोटावर झोपवा." एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. पालथं झोपवायचं, मग उजव्या कुशीवर, मग टेकून बसवायचं, मग डाव्या कुशीवर. जेवणानंतर तासभर पालथं झोपवायचं नाही. मी गजर लावून तिला वळवायचे. रात्री ती वैतागायची, "काहून उठवून राहिली गं, आत्ताच तर डोळा लागला होता." बाबा दाराबाहेर खुर्ची टाकून वहीत आकडे लिहीत बसायचे: वेळ, ताप, ऑक्सिजन, नाडी. ती वही अजून घरात आहे.

त्याच दिवसांत, २३ एप्रिलला, विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूरला आली. तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. टीव्हीवर ती बातमी बघताना बाबा रडले. मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. आईचा आकडा हळूहळू ९६ वर आला, पण नीट चालायला लागायला पावसाळा उजाडला.

पुण्याला परत जायचा विचार तेव्हाच मनातून गेला. आईनं कधीच "थांब" म्हटलं नाही, उलट "तुझं करिअर बघ" असंच म्हणायची. पण मला आता इथेच राहायचं होतं. २०२२ मध्ये ऑफिसनं परत बोलावलं तेव्हा मी राजीनामा दिला आणि मिहानमधल्या, म्हणजे इथल्या विमानतळाजवळच्या उद्योग वसाहतीतल्या, एका कंपनीत लागले. पगार कमी झाला, ते जाणवतंही. पुण्यातल्या मैत्रिणी आणि शनिवारची नाटकं यांची आठवण येते, येणारच. पण सकाळी छत्रपती चौकातून मेट्रोनं खापरीला उतरायचं, तिथून कंपनीची बस, आणि संध्याकाळचा चहा आईबाबांबरोबर, हे मला मनापासून आवडतं. आता जेवायला तिघंही आठला बसतो.

वाकडचा फ्लॅट कधीच सोडला. कपाट आणि गादी तिथेच विकली, पुस्तकं ट्रान्सपोर्टनं मागवली. तर मैत्रिणींनो, पुण्याला मी येईन ती तुम्हाला भेटायला. तुम्ही मात्र नागपूरला डिसेंबरात या, संत्र्यांच्या दिवसांत. वरची खोली तुमच्यासाठी रिकामी करून ठेवते.