बडोद्यात रविवारी गळ्यात ओळखपत्र

लक्ष्मीविलास पॅलेस मी बाहेरूनच पाहिला. तिकिटाची रांग बघूनच हुरूप गेला. सूरसागर, मांडवी आणि सेवउसळ यांतच बडोदा उरकलं. सेवउसळ मात्र झकास, वरची तिखट तर्री जरा जपून ओतून घ्या.

उतरले होते दांडिया बाजारात, आत्याकडे. तिने वरच्या खोलीत एक मुलगी ठेवली आहे. विद्यापीठात फाइन आर्ट्सला आहे, मूळची मिझोरमच्या ऐझॉलची. आत्या तिला कौतुकाने 'आमची नेपाळी' म्हणते. "फार गुणी गं, घरात आहे की नाही तेसुद्धा कळत नाही!"

रविवारी ती माझ्याबरोबर सयाजीबागेत यायला निघाली. जिन्यातच तिने पर्समधून कॉलेजचं ओळखपत्र काढून गळ्यात अडकवलं. कार्ड उलटं पडलं होतं, ते फोटो दिसेल असं फिरवून घेतलं. कोपऱ्यावर पोरांचं टोळकं दिसताच एक हिंदी गाणं गुणगुणायला लागली. गुणगुणणं कसलं, शब्द नीट ऐकू जातील अशा आवाजात. टोळकं मागे पडलं आणि गाणं कडव्याच्या मध्यातच थांबलं.

मी विचारलं. ती अगदी सहज म्हणाली, "कार्ड दिसलं की स्टुडंट. गाणं ऐकलं की इंडियन. दोन्ही नसलं की काय विचारतात ते तुम्हाला सांगत नाही, दीदी."

ब्रेंट स्टेपल्स हा कृष्णवर्णीय अमेरिकन पत्रकार आठवला. शिकागोत शिकत असताना रात्री रस्त्याने जाताना त्याला बघून गोरी माणसं दचकायची, वाट बदलायची. मग तो शिट्टीवर विवाल्डी या पाश्चात्य शास्त्रीय संगीतकाराच्या धुना वाजवू लागला आणि लोक सैलावले. त्याला संगीताची आवड होती की नाही हा प्रश्नच नव्हता. समोरच्याची भीती घालवायचं काम मात्र त्याच्यावर येऊन पडलं होतं.

बागेत गर्दी, फुगेवाले, सेल्फी. एका कुटुंबाने तिला मधे उभं करून फोटो काढला, परवानगी न विचारता. ती हसली. फोटोत येतं तसंच हसू, एवढ्या लवकर तयार झालेलं की मलाच राग आला. त्यांचा आणि थोडा तिचाही.

मग संकल्पभूमीच्या वडाकडे गेलो. अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब 1917 मध्ये बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव लावून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेली माणसं दारात आली. जागा सोडावी लागली आणि मुंबईची गाडी सुटेपर्यंत ते याच बागेत बसून राहिले. जात आणि वंश एक नव्हेत, हे मलाही ठाऊक आहे. पण ही गोष्ट ऐकून ती जे बोलली ते लिहिण्यासाठीच ही पोस्ट आहे.

"त्यांना निदान नाव तरी लपवता आलं. माझा चेहरा माझ्याआधी पोहोचतो."

मग बराच वेळ बोलली. खोलीत बेकांग, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, शिजवत नाही. वास येतो असं अजून कुणी म्हटलेलं नाही, म्हणू नये म्हणून. 2020 मध्ये रस्त्यात 'कोरोना' अशी हाक आल्यापासून बाहेर असताना शिंक दाबते. सुट्टीत घरी गेली तर आई विचारते, बरं नाही का, एवढी हळू का बोलतेस? "आता मलाच कळत नाही, मी शांत आहे की इथे झाले."

2014 मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर केंद्राने ईशान्येकडच्या लोकांच्या तक्रारींसाठी बेझबरुआ समिती नेमली आणि समितीने कायद्यात बदल सुचवले. पण शिंक दाबण्यावर कुठलं कलम लावणार?

रात्री जेवताना आत्याला सांगितलं, ती नेपाळची नाही, मिझोरमची आहे.

"हो गं, माहीत आहे मला. नेपाळच्या बाजूलाच ना ते?"

मिझोरमच्या एका बाजूला बांगलादेश आणि दुसऱ्या बाजूला म्यानमार. मी मोबाईलवर नकाशा उघडून समोर धरला. आत्याने चष्मा लावून नीट पाहिला.

"बरं बाई. पण प्रेमाने म्हणते ना मी," म्हणाली आणि माझ्या पानात आणखी श्रीखंड वाढलं.