बालंट आणि बॅलंटाइन

बालंट येतं. आळ कुणीतरी घेतं, कुभांड कुणीतरी रचतं. बालंट मात्र बहुधा वळवाच्या पावसासारखं आपलं आपणच येतं, धाडणाऱ्याचं नाव विचारायची सोय नाही. (आळाचाही न्याय अजबच. घेणार तो, भोगणार आपण! आमचे गुजराती शेजारी आळ ‘चडावतात’, ते जास्त सरळ वाटतं.)

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या शेजारच्या काकू दुसऱ्याचं कुरिअर म्हणून ठेवून घेत नाहीत. पोरगा खोकं पुढे करून विनवतो, काकू दाराची साखळीसुद्धा न काढता ‘‘ना भाई, ना’’ म्हणतात आणि फटीतून माझ्याकडे बघत मराठीत पुस्ती जोडतात, ‘‘आत काही फुटलेलं निघालं म्हणजे? नसतं बालंट!’’

बडोद्यात याहून मोठं खोकं एकदा दारात आलं होतं. नोव्हेंबर 1874. रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर यांनी पपनसाच्या सरबताचे दोनेक घोट घेतले, चव बिघडलेली वाटली म्हणून उरलेलं फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. सोमल आणि हिऱ्याची पूड, असं फिर्यादीचं म्हणणं. हिऱ्याची पूड! विषातही राजेशाही थाट. आरोप आला थेट बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाडांवर, आणि त्यांच्या बचावाला विलायतेहून वकील आले सार्जंट बॅलंटाइन (सार्जंट ही तिकडची वकिलीतली पदवी). आधी बालंट, मागोमाग बॅलंटाइन. मला अजून हसू येतं.

चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं. तिघा इंग्रजांनी दोषी म्हटलं. ग्वाल्हेरचे शिंदे महाराज, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव यांना पुरावा पटला नाही. तीनास तीन.

मल्हारराव काही धुतल्या तांदळासारखे नव्हते. त्यांच्या कारभाराच्या तक्रारी विषाच्या आधीपासून होत्या. त्यामुळे बालंट हा शब्द त्यांच्यासाठी वापरताना माझी जीभ अडखळते. खोटं ठरल्याशिवाय तो शोभत नाही, आणि तीनास तीनमध्ये खोटंही ठरत नाही, खरंही. सरकारने मग विषाचं सोडून गैरकारभाराचं कारण पुढे केलं, 1875 मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि मद्रासला धाडलं.

कारभारावरूनच काढायचं होतं, तर मधे सरबत कशाला?