मोहरी चढली नव्हती

आमच्याकडे काकडीच्या कोशिंबिरीत मोहरी फेसून घालतात. सासूबाई मोहरीची डाळ खलात घेतात, चिमूटभर मीठ टाकतात आणि चमचा-चमचा पाणी घालत घोटत राहतात. पांढरट फेस आला आणि नाकात झणका गेला की झाली तयार. गेल्या मे महिन्यात ती कोशिंबीर खाल्ली आणि माझे ओठ चुरचुरले, डोळ्यांना धार लागली. आई म्हणाल्या, "अगं, मोहरी चढली. गूळ खा जरासा." मी गूळ खाल्ला. अर्ध्या तासाने पोटावर आणि मांड्यांवर गांधी उठल्या, तेव्हा पित्त उठलं म्हणून आमसुलाचं पाणी लावलं.

दुसऱ्यांदा कैरीच्या ताज्या लोणच्याने तेच झालं. तिसऱ्यांदा पाकिटातली तयार अचारी पेस्ट लावून पनीर भाजलं होतं. दोन घास खाल्ले तोच आवाज घोगरा झाला, घसा आवळल्यासारखा वाटायला लागला आणि पापण्या सुजल्या. नवऱ्याने रिक्षात घातलं, जवळच्या दवाखान्यात मांडीत इंजेक्शन मिळालं, रात्रभर ठेवून घेतलं. तिथेच सांगितलं, ही ऍलर्जी आहे, कशाची ते शोधा.

कशाची ते मीच शोधलं, याचा मला अभिमान आहे. वहीत तारीख, काय खाल्लं, किती वेळाने त्रास झाला, एवढंच लिहून काढलं. तिन्ही वेळा कुटलेली किंवा वाटलेली मोहरी होती. रोजच्या फोडणीचं मात्र कोडं सुटेना, कारण ती तर आयुष्यभर खात आले. ते नंतर डॉक्टर मॅडमनी समजावलं. फोडणीतले दाणे बरेचदा आपण न चावता गिळतो. वाटलेल्या मोहरीतलं प्रथिन एकदम मोकळं होतं आणि प्रमाणही कितीतरी जास्त असतं. हे प्रथिन शिजवल्याने सहजी मोडत नाही, म्हणून "शिजलंय ना, मग खा" हे चालत नाही.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. ठाण्यातल्याच एका रुग्णालयात ऍलर्जीची ओपीडी फक्त मंगळवारी असते. फोन करून त्वचेच्या चाचणीची तारीख घेतली. फॉर्म आला. त्यात आधार, वजन, विम्याचा नंबर, घरी पाळीव प्राणी आहे का, सगळं विचारलं होतं. कोणती औषधं घेता, हा एक रकाना नव्हता. फोनवरच्या मुलीला मी मुद्दाम विचारलं, "काही पथ्य?" ती म्हणाली, "काही नाही, जेवून या."

रजा टाकली. माजिवड्याच्या सिग्नलला पंचवीस मिनिटं अडकून पोहोचले. तासभर बसल्यावर आत गेले, तर नर्सने पहिलाच प्रश्न विचारला, "सेटिरिझिन कधी घेतली?" काल रात्री. खाज सुटायची म्हणून रोज घेतच होते. तिने फाईल मिटली. ऍलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद असल्याशिवाय चाचणी होत नाही, त्वचा उठतच नाही. पुढची तारीख तीन आठवड्यांनी.

त्या तीन आठवड्यांतला शेवटचा आठवडा मी गोळीविना काढला. रात्री दोन-दोनदा उठून हातावर ओला पंचा ठेवायचे. सहाव्या दिवशी सर्दी झाली, तर कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून सर्दीची साधी गोळी आणली. ऍलर्जीची नव्हे, म्हणून निर्धास्तपणे घेतली. मंगळवारी कोपराखाली पेनाने खुणा केल्या, प्रत्येक खुणेशी एक थेंब ठेवला आणि थेंबातून बारीक टोचलं. त्यात एक थेंब साध्या सलाईनचा असतो, तो उठायला नको. एक हिस्टामाइनचा असतो, म्हणजे ऍलर्जीत शरीर जे रसायन सोडतं त्याचा, तो उठायलाच हवा. पंधरा मिनिटं मी त्या दुसऱ्या खुणेकडे बघत बसले होते. डास चावल्याइतकीही गाठ आली नाही. हात जसाच्या तसा, गुळगुळीत. सर्दीच्या त्या गोळीत क्लोरफेनिरामाइन होतं, तेही त्याच जातीचं औषध. चाचणी रद्द, पैसे गेले, पुन्हा तीन आठवडे.

मी तिथल्या खिडकीपाशी उभी राहून रडले. राग माझ्या सर्दीचा नव्हता. सहा आठवडे ज्या एका ओळीमुळे गेले, ती ओळ फॉर्मवर छापायला काय लागतं? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "मॅडम, सगळ्यांना माहीत असतं." सगळ्यांना माहीत नसतं. माझ्या शेजारी बसलेले काका त्याच कारणाने परत जात होते, आणि ते मुरबाडहून आले होते. तक्रार वहीत मी पान भरून लिहिलं: औषधांची यादी फॉर्मवर छापा, तारीख देतानाच मेसेज करा. खाली सही करून तारीख घातली.

म्हणून तुम्ही कुणी जाणार असाल तर सेटिरिझिन, लेव्होसेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन, सर्दी-खोकल्याची सिरपं, यांबद्दल तारीख घेतानाच विचारा. झोपेच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्याही आड येतात, पण त्या मनाने बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. दम्याचा पंप चालू ठेवायचा असतो.

तिसऱ्या मंगळवारी हिस्टामाइनची गाठ उठली तेव्हा मला इतका आनंद झाला की नर्सही हसली. मोहरीचा तयार अर्क त्यांच्याकडे नव्हताच. घरून नेलेली मोहरीची डाळ भिजवून त्यांनी आधी सुई तिच्यात टोचली, मग माझ्या हातात. मी अचारी पेस्टचं पाकीटही नेलं होतं, पण मॅडमनी ते बाजूला ठेवलं. मिरची-लसणाने कातडी तशीही लाल होते, त्यावरून काही ठरत नाही. संशय असलेला एकेक जिन्नस वेगळा न्यावा. दहा मिनिटांत मोहरीच्या खुणेवर हिस्टामाइनच्या दुप्पट गाठ आली. हा प्रयोग घरी करू नका. तिथे ऍड्रिनॅलिन, म्हणजे ऍलर्जीचा जोराचा झटका आला तर टोचायचं औषध, हाताशी असतं.

ऍड्रिनॅलिन आता माझ्या पर्समध्येही आहे, एक ऍम्प्यूल (औषधाची बंद कुपी) आणि सिरिंज. पेनसारखं तयार इंजेक्शन आपल्याकडे सहजी मिळत नाही, म्हणून नवऱ्याला आणि मला दोघांनाही भरायला शिकवलं. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायचं, आडवं पडायचं आणि 108 ला फोन करायचा. श्वास अडकत असताना सेटिरिझिन घेऊन वाट बघत बसायचं नाही, आणि बरं वाटलं तरी रुग्णालयात जायचंच, कारण काही तासांनी त्रास उलटू शकतो.

पाकिटांचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे ऍलर्जीकारक म्हणून जे पाकिटावर छापणं सक्तीचं आहे, त्यात गहू, दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकडे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, सल्फाइट आहे. मोहरी नाही. युरोपातल्या 14 ऍलर्जीकारकांच्या यादीत मोहरी आहे. इथे "मसाले" किंवा "मिश्र मसाले" एवढं लिहिलं तरी चालतं. माझ्या त्या पेस्टवर तेवढंच होतं. त्यामुळे अचारी, लोणचं, सँडविच स्प्रेड, मेयोनीज, सांबार मसाला, मेतकूट, यातलं काही मी आता पाकिटातलं घेत नाही. उडप्याकडे चटणी "फोडणी न घालता" सांगते आणि ती करताना डोळ्यांसमोर असेल तरच खाते.

घरची फोडणी जिरं, हिंग, कढीपत्त्याची. आईंनी यंदा माझ्यासाठी कैरीचं लोणचं वेगळ्या बरणीत घातलं, मेथी, हळद, तिखट, मीठ आणि शेंगदाण्याचं तेल. "चढली म्हणाले होते गं मी," असं त्या अजून म्हणतात. चढलेली मोहरी दोन मिनिटांत उतरते. अंगभर गांधी, पापण्या-ओठांची सूज, बसलेला आवाज, उलटी, चक्कर, हे चढणं नव्हे. हे त्या आता शेजारणींनाही सांगतात.

आणि मिक्सरचं भांडं. झाकणाच्या रबरी रिंगखाली मोहरीचा पिवळट थर साचलेला होता, नखाने खरवडून निघाला. ती रिंग टाकली, चटणीचं भांडं नवीन घेतलं, आणि जुन्यावर आईंनी खडूने फुली मारून ते वरच्या फळीवर ठेवलंय.